खांबाजवळची आजी

1972 च्या दुष्काळात आमची कौतुकी नदी म्हणजे वाळूचा नुसता पट्टा झाली होती. सोनईच्या शिवारात तेव्हा आजच्यासारखा ऊस नव्हता. जिरायती रान, त्यात बाजरी जळाली. आई-बाप खडी फोडायला जात. घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, आम्हा पोरांना सुकडी. त्याच साली माझा धाकटा चुलता तापानं गेला. लग्नाचं वय झालेला तरणाताठा गडी.

आजी फार रडली नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा तेवढा तिनं बंद केला. गळ्यातली माळ मात्र काढली नाही.

वद्य एकादशीला नेवाशाला पायी जायचं, ही आमच्या घरची रीत. आजी जाणार नाही असं वाटलं होतं, पण पहाटे उठून निघाली. मी तिच्या मागं. वाटेत एक शब्द बोलली नाही.

नेवाशाला पैसाचा खांब आहे. साधा दगडी खांब. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. देवगिरीवर रामदेवराव यादवाचं राज्य होतं. आणखी सहाच वर्षांनी अल्लाउद्दीन खिलजी त्या देवगिरीवर चालून आला. सांगणाऱ्याचं वय पंधराच्या आसपास. बाप संन्यास सोडून संसारात परतला म्हणून घर वाळीत पडलेलं. प्रायश्चित्त म्हणून आई-बापांनी देह टाकले, अशी परंपरेतली हकिगत. मागं राहिली चार लेकरं : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून ती नेवाशाला आली आणि प्रवरेच्या काठी नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ झाला.

तो लिहून घेतला सच्चिदानंदबाबांनी. ग्रंथाच्या शेवटी त्यांचा उल्लेख येतो तो लेखक म्हणून, तेवढाच. लोकांत मात्र मोठी कथा आहे. सच्चिदानंद वारले होते, बायको सती जायला निघाली होती. वाटेत ती ज्ञानदेवांच्या पाया पडली आणि त्यांच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघून गेला. तो खरा करायला त्यांनी मेलेल्याला उठवलं.

त्या दिवशी खांबापाशी एक म्हातारे वारकरी हीच कथा सांगत होते. ऐकता ऐकता आजी एकदम बोलली, "तिचा नवरा उठला. माझं पोरगं का न्हाई उठलं? मी काय कमी येरझाऱ्या घातल्या व्हत्या का इथं?"

सगळे गप्प. कुणीतरी "देवाची इच्छा" म्हणायला तोंड उघडलं, तर म्हाताऱ्यांनी हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माय, त्याचे सोताचे आई-बाप तरी कुठं उठले?"

आजीनं खांबाला डोकं टेकलं आणि ती मोठ्यानं रडली. इतक्या महिन्यांचं रडू होतं ते. मी घाबरून तिचा पदर धरून उभा होतो.

पुढं मोठेपणी ज्ञानेश्वरी वाचली तेव्हा म्हाताऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला. ग्रंथ संपल्यावर त्या पोरक्या पोरानं पसायदान मागितलं. त्यात आई-बाप परत मागितले नाहीत, वाळीत टाकणाऱ्यांचं वाईटही मागितलं नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावा, जीवांचं एकमेकांशी मैत्र व्हावं, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, असं मागितलं. दुःख गेलं म्हणून देवावर भरवसा बसला, असं तिथं काही घडलेलं नाही. दुःख होतं तसंच होतं. ते उरात ठेवूनच त्यानं देवाशी बोलणं चालू ठेवलं, आणि मागणं केलं ते दुसऱ्यांसाठी.

आजीला वाचता येत नव्हतं. नेवाशाहून आली त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला. तेल चमचाभरच होतं. "आता भांडण मिटलं का गं?" मी विचारलं. म्हणाली, "भांडण हाय तसंच हाय. पर अंधारात कशाला भांडायचं?"

पुढं मुळा धरणाचं पाणी कालव्यानं तालुक्यात खेळलं. त्या धरणाच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर नाव दिलेलं आहे. सोनईला साखर कारखाना आला, रानं हिरवी झाली. चुलत्याचं नाव निघालं की आजी तरीही शेवटपर्यंत उठून आत जायची.

पण गावात कुणाच्या घरी माणूस गेलं, की पिठलं-भाकरीची पाटी घेऊन ती पहिली जायची. मळा लांब असो, घर कुठल्याही जातीचं असो. तिथं देवाचं नाव काढायची नाही, उपदेश करायची नाही. त्या घरच्या बाईला टेकून बसायची, आणि दिवस मावळला की उठून त्यांच्या देवापुढचा दिवा लावून यायची.