दोन लालबागांचा धूर

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातून लालबागेकडे गेले म्हणजे १९०६ साली स्थापन झालेल्या ताप्ती मिलचा परिसर लागतो. मुंबईतही एक लालबाग आहे, आणि तेथील एका गल्लीला ‘गॅस कंपनी लेन’ म्हणतात. हे नामसादृश्य केवळ योगायोगाचे असले, तरी गिरणीच्या धुराची ओळख असलेल्या बुऱ्हाणपूरकरास त्या दुसऱ्या धुराची हकीकत अगदीच परकी वाटू नये.

मुंबईत वायुदीपाचा चमत्कार प्रथम दाखविला तो अर्देशीर करसेटजी वाडिया या यंत्रविद्याविशारद पारशी गृहस्थाने, १८३४ साली, माझगावच्या स्वतःच्या बंगल्यात. रस्त्यांवरची दिवाबत्ती मात्र वायूवर चालू व्हावयास १८६५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला, आणि त्या पहिल्या संध्याकाळी भेंडीबाजारासारख्या भागांत दिवे लावणाऱ्यांच्या मागोमाग बघ्यांची झुंबड चालत होती. हा वायू जेथे सिद्ध होई त्या लालबागेच्या कारखान्याकडे पाहावयास कोण जाणार?

दगडी कोळसा बंदिस्त भट्टीत तापविला असता जो वायू निघतो, त्यात ज्वलनोपयोगी हायड्रोजन व मिथेन यांच्याबरोबर प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, डांबराची वाफ आणि कुजक्या अंड्यासारख्या दुर्गंधीचा हायड्रोजन सल्फाइड हीही मंडळी असतात. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात ही दुर्गंधी जाऊ नये म्हणून त्या काळच्या वायुव्यवसायात वायू चुन्याच्या थरांतून गाळीत. पण गंधकाने माखलेला तो चुना बदलण्यासाठी उघड्यावर काढला, की तीच दुर्गंधी आसपासच्या वस्तीच्या वाट्याला येई. शुद्धीकरण म्हणजे उपद्रवाचे स्थलांतर, असे मला तरी वाटते. त्यातून हिवाळ्याच्या पहाटे वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उष्ण थराखाली कोंडली जाते आणि चिमणीचा धूर खालीच तरंगत राहतो. तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

सरकारने दखल घेतली ती १९१२ च्या मुंबई धूर-उपद्रव कायद्याने. परंतु त्या कायद्याचा रोख भट्ट्यांतून निघणाऱ्या धुरावर होता, आणि धूर म्हणजे डोळ्यांना दिसेल तो. भट्टीखालच्या जळणातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वर्णहीन असल्यामुळे अंमलदाराच्या नजरेतून सहज सुटे. १९१५ पासून टाटांची खोपोलीची जलविद्युत् गिरण्यांना मिळू लागली, तिने काजळी कमी करण्यास बहुधा त्या कायद्याहून अधिक हातभार लावला असावा.

वायुरूप पदार्थालाही प्रदूषक म्हणणारा अखिल भारतीय कायदा झाला तो १९८१ साली. आणि तीनच वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, बुऱ्हाणपूर ज्या राज्यात आहे त्याच्या राजधानीत, युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरून मिथिल आयसोसायनेट उसळले, आणि हवेहून जड असलेला तो वायू कारखान्याच्या भिंतीलगतच्या झोपड्यांत सर्वांत आधी शिरला.