मिडी ड्रम प्रोग्रॅमिंग

मिडी ड्रम प्रोग्रॅमिंग म्हणजे संगणकावर आघातांच्या नोंदी करून पाश्चात्त्य ड्रमसंचाचे वादन तयार करण्याची पद्धत होय. या नोंदींनुसार 'आभासी ड्रम' ही संगणकप्रणाली आधी ध्वनिमुद्रित केलेले आघात वाजवते. असे वादन यांत्रिक न वाटता माणसाने केल्यासारखे वाटावे, हा या कामातील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

रॉजर लिन यांचे 'लिन एलएम-१' (१९८०) हे खऱ्या ड्रमच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा वापर करणारे पहिले ड्रमयंत्र मानले जाते. वादकाचा चुकलेला आघात आपोआप मात्रेवर सरकवण्याची सोयही त्यात होती. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी ही संकेतपद्धती प्रचारात आली.

नोंदींचे स्वरूप

मिडीमध्ये ध्वनी साठवला जात नाही. कोणते वाद्य, केव्हा आणि किती जोराने, एवढेच त्यात नोंदलेले असते. आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांत मोजतात. १९९१ च्या 'जनरल मिडी' प्रमाणकाने तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखून ठेवली. तिच्यात ३६ हा क्रमांक बेस ड्रमचा, ३८ स्नेअरचा, ४२ मिटलेल्या हाय-हॅटचा व ४६ उघड्या हाय-हॅटचा आहे. (या प्रमाणकात सतारीला स्थान मिळाले, तबल्याला मात्र मिळाले नाही.)

आभासी ड्रम

एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवल्यास जलद आघात बंदुकीच्या फैरीसारखे ऐकू येतात. म्हणून प्रत्येक वाद्याचे हलक्यापासून जोरकसापर्यंत अनेक स्तर, आणि एकाच स्तरातीलही अनेक आघात ध्वनिमुद्रित करून ते आलटून पालटून वाजवले जातात. स्नेअर जोराने वाजवला की केवळ मोठा होत नाही, त्याचा नादही बदलतो. त्यामुळे आवाजाची पातळी वाढवून हा परिणाम साधत नाही. सुपिरिअर ड्रमर, बीएफडी व मोफत मिळणारी हायड्रोजन या परिचित प्रणाली होत.

वादकाच्या देहाचा विचार

उत्तम प्रणाली वापरूनही वादन खोटे वाटते, याचे कारण बहुधा लिहिणाऱ्याला वादकाच्या हातापायांचा पडलेला विसर हे असते. वादकाला दोन हात व दोन पाय असतात. हाय-हॅट, स्नेअर आणि क्रॅश झांज हातातील काठ्यांनी एकाच क्षणी वाजू शकत नाहीत. क्रॅश वाजवताना हाय-हॅटचा आघात सोडावा लागतो. मात्रेचे चार भाग करून दोन्ही हातांनी आलटून पालटून हाय-हॅट वाजवत असताना दुसऱ्या व चौथ्या मात्रेला उजवा हात स्नेअरकडे वळतो. त्या जागी हाय-हॅटची नोंद राहिली, तर तो तिसरा हात ठरतो! या प्रकारात दोन्ही हातांचा जोरही सारखा नसतो.

स्नेअरवरील मुख्य आघातांच्या मधल्या अतिशय हलक्या आघातांना 'घोस्ट नोट' म्हणतात. मुख्य आघात ११० च्या आसपास असल्यास हे २० ते ४० दरम्यान ठेवता येतात. ते सुटे ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले की ठेका पोकळ वाटतो.

कालविचलन

मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. सर्व आघात काटेकोरपणे या जाळीवर बसवण्याच्या क्रियेस क्वांटायझेशन म्हणतात. त्यातून येणारा कोरडेपणा घालवण्यासाठी अनेक प्रणालींत 'ह्युमनाइज' हे बटण असते. ते सहसा आघात यदृच्छया मागेपुढे करते, आणि येथेच फसगत होते. होल्गर हेनिग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार माणसाच्या वादनातील विचलने परस्परांपासून स्वतंत्र नसतात. आताच्या विचलनाचा संबंध बऱ्याच आधीच्या विचलनांशी असतो. श्रोत्यांनीही यादृच्छिक विचलनापेक्षा अशा विचलनालाच पसंती दिली. म्हणून स्नेअर सातत्याने किंचित मागे ठेवणे किंवा गीताच्या ध्रुवपदाकडे जाताना जोर क्रमाने वाढवणे अधिक उपयुक्त ठरते.

एका प्रणालीसाठी केलेल्या नोंदी दुसरीत जशाच्या तशा चालतीलच असे नाही. बेस ड्रम व स्नेअर बहुधा जुळतात. हाय-हॅट किती उघडे आहे याच्या क्रमांकांत मात्र फरक असतो. जोराचा समान अंकही दोन प्रणालींत समान नाद देत नाही, त्यामुळे नोंदी नव्याने ऐकून दुरुस्त कराव्या लागतात.