हजेरीपट आणि संघ : गिरणी कामगारांच्या कमिट्यांची हकीकत



कामगार चळवळीचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे संप, मिरवणुका आणि पुढाऱ्यांचीं भाषणें हींच बहुधा पुढें येतात. तीं वगळून इतिहास होणार नाहीं हें खरें. परंतु सहा-सहा महिने संप टिकतो कसा, आणि अनेक युनियनांनीं मिळून उभारलेला संघ एका अधिवेशनांत दुभंगतो कसा, याचा शोध घेऊं लागलों म्हणजे आपण कामगार मैदानावरून निघून एखाद्या लहानशा खोलींत येऊन पोंचतों. तेथें पांच-सात माणसें वही पुढें घेऊन बसलेलीं असतात. गिरणगांवांत त्यांना ‘कमिटी’ म्हणत. या कमिट्यांनीं काय केलें, आणि जेथें केलें नाहीं तेथें काय झालें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

मी शाळामास्तर. माझें आयुष्य हजेरीपट भरण्यांत गेलें, त्यामुळें यादी म्हणजे काय चीज असते याची मला थोडीशी कल्पना आहे. माझे वडील परळला एका गिरणींत साचेवाले होते. ते वारल्यानंतर त्यांच्या ट्रंकेंत एक लांबट वही निघाली. तींत खात्यांतील माणसांचीं नांवें होतीं, महिनेवार वर्गणी होती, आणि ज्यांची वर्गणी आली नाहीं त्यांच्यापुढें लहानशी फुली होती. एका नांवापुढची फुली खोडून तेथें ‘बायको आजारी’ असें लिहिलें होतें. माझ्या लहानपणीं ते ही वही घेऊन रात्रीं चाळी हिंडत, तेव्हां हें काम मला मोठें कंटाळवाणें वाटे. भाषण करणारा बाप असता तर बरें झालें असतें असेंही मनांत येई.

आपल्याकडे या कथेचा आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. १८८४ सालीं साडेपांच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनीं फॅक्टरी कमिशनकडे पाठविला, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनपाशीं मात्र सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, लेखी नियम नव्हते; त्या वेळच्या सरकारी अहवालांतही ही गोष्ट नमूद झालेली आहे. याबद्दल लोखंड्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. एका सचोटीच्या माणसाच्या जोरावर जेवढें व्हावयाचें तेवढें झालें. १८९७ च्या प्लेगांत ते गेले, आणि त्यांच्या मागें तें काम चालविणारी कमिटीच नसल्यामुळें असोसिएशनही गेली.

यानंतर अखिल भारतीय संघ उभा राहण्यास तेवीस वर्षें जावीं लागलीं. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष. अशा संघाची घडण एका युनियनच्या घडणीहून वेगळी असते, हें येथें ध्यानांत घ्यावें. युनियनचा सभासद हाडामांसाचा कामगार असतो. संघाच्या सभासद युनियना असतात. कोणत्या युनियनला किती प्रतिनिधि पाठवितां येतील हें तिच्या सभासदसंख्येवर ठरतें, आणि प्रतिनिधि किती यावर ठराव कोणाचे मंजूर व्हावयाचे हें ठरतें. अर्थात् खालच्या खात्यांत वही ठेवणाऱ्या माणसानें फुली मारावयाची कीं नाहीं, येथपासून देशाच्या कामगार धोरणाला सुरुवात होते.

१९२६ सालीं ट्रेड युनियन ॲक्ट झाला. त्यानें नोंदलेल्या युनियनवर कांहीं बंधनें घातलीं. पदाधिकाऱ्यांपैकीं निदान निम्मे लोक प्रत्यक्ष त्या धंद्यांत काम करणारे असावेत; फंड कोणत्या कामीं खर्च करावयाचा हें ठरलेलें असावें; हिशेब दर वर्षीं तपासून रजिस्ट्रारकडे पाठवावा; आणि हिशेबाच्या वह्या व सभासदांची यादी कोणत्याही सभासदास पाहावयास खुली असावी. हें शेवटचें कलम फारसें कोणी उद्धृत करीत नाहीं. माझ्या मतें त्या कायद्यांतील सर्वांत शहाणें कलम तेंच होतें.

आतां १९२८ च्या संपाकडे येऊं. एका कामगारानें दोनांऐवजीं तीन साचे चालवावे, कातणाऱ्यांनीं यंत्राच्या दुप्पट बाजू सांभाळाव्या, अशा योजना गिरण्यांत येऊं लागल्या होत्या, आणि साचेवाल्यांचे दर उतरत होते. २६ एप्रिल १९२८ पासून मुंबईच्या गिरण्यांतील सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारें दीड लाख माणसें बाहेर पडलीं. त्या वेळीं मुंबईंत एक युनियन नव्हती. नारायण मल्हार जोशी यांची बाँबे टेक्स्टाइल लेबर युनियन १९२६ पासून होती. ती सनदशीर मार्गाची, आणि आरंभीं सार्वत्रिक संपाला अनुकूल नव्हती. दुसरें गिरणी कामगार महामंडळ, १९२३ सालचें. त्यांत फूट पडून अर्जुन आत्माराम आळवे यांच्या बाजूचे लोक डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर या कम्युनिस्ट मंडळींबरोबर आले, आणि त्यांनीं मे महिन्यांत गिरणी कामगार युनियन नोंदविली. एकमेकांविषयीं या दोन पक्षांचें मत काय होतें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. असे असतांही मेच्या आरंभींच त्यांनीं संयुक्त संप समिति नेमली आणि ऑक्टोबरपर्यंत ती चालविली.

तिचें काम वांटलेलें होतें. मागण्या एकत्र करून त्या सतरा कलमांत बसविल्या गेल्या. गिरणीवार पहारे होते. निधि जमविणें आणि धान्य वांटणें हें काम तर फार जिकिरीचें. निधींत कांहीं पैसा परदेशांतून, रशियांतील कामगारांकडूनही आला, व त्यावरून सरकारनें बराच गहजब केला. हजारों माणसें कोंकणांत आणि घाटावर आपल्या गांवीं निघून गेलीं. संप टिकण्याचें हें मोठें कारण होय, कारण मागें उरलेल्यांपुरतेंच धान्य पुरवावें लागे. परंतु मला सर्वांत नवल वाटतें तें निराळ्याच कामाचें. गिरणीमालकांनीं दरांचा एक मोठा तक्ता पुढें केला होता : कोणत्या सुताला, कोणत्या पन्ह्याच्या कापडाला, किती दर. त्याची कलमवार छाननी करण्यास समितीची माणसें मालकांसमोर बसलीं. ज्या साचेवाल्यानें जन्मांत टेबलाखुर्चीवर बसून कागद वाचला नाहीं, त्याचें ज्ञान तेथें उपयोगीं पडलें. आपल्या साच्यावर दिवसाला किती वार निघतें हें त्याच्याइतकें कोणाला ठाऊक असणार ? अखेर ४ ऑक्टोबरला सरकारी मध्यस्थीनें तडजोड ठरली, ६ ऑक्टोबर १९२८ पासून गिरण्या सुरू झाल्या, आणि हायकोर्टाचे न्यायाधीश फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति बसली.

संपानंतर गिरणी कामगार युनियनची वाढ अशी झाली कीं तिला जोड नाहीं. आरंभीं कांहीं शेंकडा सभासद असलेल्या या संस्थेचे १९२८ च्या अखेरीस चौपन्न हजार झाले. हे सभासद सांभाळण्यासाठीं गिरणी-गिरणींत कमिट्या निवडण्यांत आल्या. पूर्वीं कामगाराला नोकरी, रजा, उसनवारी, सर्व कांहीं मुकादमाच्या हातून मिळे, आणि बायकांच्या खात्यांत नाईकिणीच्या हातून. आतां तक्रार घेऊन जावयास दुसरी जागा झाली. खात्यांतील कमिटीवाला तक्रार ऐकणार, ती युनियनच्या कचेरींत नेणार, व मध्यवर्ति व्यवस्थापक मंडळ मालकाशीं बोलणार, अशी ती योजना. मुकादमाला ही गोष्ट रुचली नाहीं हें उघड आहे.

पण योजनेचा दुसरा भागही होता. कमिटीनें तक्रार न्यावी, संप पुकारूं नये. तो अधिकार मध्यवर्ति मंडळाचा. हा भाग पाळला गेला नाहीं. कोणा एकाला कामावरून काढलें कीं त्या खात्यांतील साचे बंद, असे अनेक छोटे संप १९२८ च्या हिवाळ्यांत आणि १९२९ च्या आरंभीं झाले. त्यांना आवर घालतां घालतां पुढारी दमले. मालक म्हणत, हे पुढाऱ्यांचेंच कारस्थान. कमिटीवाले म्हणत, पुढारी मागें ओढतात. दोघांत मध्यवर्ति मंडळ सांपडलें. त्यांतच २० मार्च १९२९ रोजीं मीरत खटल्यासाठीं डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आळवे, कासले आदि मंडळींना धरून नेलें. मंडळांतील कसलेलीं माणसें गेलीं, आणि सुमारें पांच आठवड्यांनीं, २६ एप्रिलला, दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला. या वेळीं जोशांची युनियन बरोबर नव्हती, संयुक्त समिति नव्हती, आधींच्या संपानें घरोघरीं झालेलें कर्ज फिटलें नव्हतें. संप फसला, आणि सभासद झपाट्यानें गळूं लागले. वडिलांच्या वहींतल्यासारख्या फुल्या त्या वर्षीं किती वह्यांत पडल्या असतील !

आतां याचा परिणाम संघावर काय झाला तें पाहा. नोव्हेंबर १९२९ च्या अखेरीस ट्रेड युनियन काँग्रेसचें अधिवेशन नागपूरला भरलें. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. रॉयल कमिशनवर बहिष्कार घालावा कीं नाहीं, परदेशांतील कोणत्या संघटनेशीं संबंध जोडावा, असे वादाचे मोठे विषय होते आणि इतिहासाच्या पुस्तकांत तेच येतात. परंतु त्या वादांचा निकाल मतांवर, आणि मतें प्रतिनिधींवर. गिरणी कामगार युनियनला चौपन्न हजार सभासद धरून प्रवेश मिळाला, आणि पारडें फिरलें. हा आंकडा संप फसण्यापूर्वींचा. मेलेल्या मुलाचें नांव पटावर ठेवून त्याच्या नांवें खाऊ घ्यावा तसा हा प्रकार, असें कोणी म्हणेल. तें फार कठोर होईल, कारण वर्गणी थकली म्हणून माणूस युनियनचा राहिला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. माझ्या वडिलांनीं खोडलेली ती फुली मला येथें आठवते. पण मग ज्यानें दिली व ज्यानें दिली नाहीं त्यांचें मत सारखें धरावयाचें काय ? याचा नियम आधीं ठरवून त्याप्रमाणें वह्या तपासणें हें कमिटीचें काम होतें. जोशी आणि त्यांच्या विचाराच्या युनियना बाहेर पडल्या व त्यांनीं वेगळें फेडरेशन काढलें. जोशी स्वतः पूर्वायुष्यांत कांहीं वर्षें शिक्षक होते. पट फुगला आहे हें त्यांना चटकन् कळलें असावें, असें मला उगाच वाटतें.

१९३१ सालीं कलकत्त्यास याहून विचित्र प्रसंग झाला. मध्यंतरीं गिरणी कामगार युनियनचेच दोन तुकडे पडले होते : एक कांदळकरांचा, दुसरा देशपांड्यांचा. कांदळकर काँग्रेसचे उपाध्यक्ष, देशपांडे तिचे चिटणीस. दोघेही म्हणत, खरी युनियन आमची. प्रतिनिधींचीं अधिकारपत्रें तपासण्यासाठीं जी कमिटी होती तिनें कांदळकरांच्या बाजूनें कौल दिला, कार्यकारिणीनें तो मान्य केला, आणि अधिवेशनांत दंगल उसळली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. देशपांड्यांच्या पक्षानें बाहेर जाऊन रेड ट्रेड युनियन काँग्रेस काढली. सिद्धांतांचे मतभेद होतेच, तें मी नाकारीत नाहीं. पण भांडण पेटलें तें अधिकारपत्रांवरून. ही कमिटी कामाला लागली तीही प्रतिनिधि दारांत येऊन उभे राहिल्यावर. वर्षभर आधीं मुंबईंत येऊन दोन्ही बाजूंच्या वह्या तिनें पाहिल्या असत्या, तर कौल कोणालाही मिळाला असता तरी तो कौल म्हणून मानला जाण्याची आशा होती. आयत्या वेळीं दिलेला निकाल हरणाऱ्याला पक्षपातच वाटतो. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत परीक्षक नेमणाऱ्यालाही हें ठाऊक असतें.

पुढें सांधेजोड झाली ती मात्र शहाणपणानें. १९३५ सालीं रेड काँग्रेस परत आली. १९३८ सालीं नागपुरासच नॅशनल ट्रेड युनियन फेडरेशन आणि ट्रेड युनियन काँग्रेस यांचा समेट झाला. त्यांत एकमेकांचे सभासद मोजण्याच्या भानगडींत कोणी पडलें नाहीं. जनरल कौन्सिलांत दोन्ही बाजूंचे सारखे लोक घ्यावयाचे, आणि राजकीय प्रश्न व संप यांविषयींचे निर्णय तीन चतुर्थांश मतांनींच घ्यावयाचे, असें ठरलें. ज्या दोन गोष्टींवरून घर मोडलें त्यांनाच हें कुलूप घातलें. कामाला उशीर लागे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु दोन वर्षें एकत्र बसण्याची संवय झाली, आणि १९४० सालीं संपूर्ण एकीकरण झालें.

मोजणी मात्र राहिलीच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचें इंडियन फेडरेशन ऑफ लेबर निघालें, आणि आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचा प्रतिनिधि कोणाचा जावा याचा तंटा सुरू झाला. दोन्ही संघ लाखांचे आंकडे सांगत. अखेर १९४६ सालीं सरकारचे मुख्य लेबर कमिशनर एस. सी. जोशी यांनीं दोघांच्या याद्या तपासल्या, आणि ट्रेड युनियन काँग्रेस अधिक प्रातिनिधिक आहे असा निर्णय दिला. जें काम कामगारांच्या स्वतःच्या कमिटीनें पंचवीस वर्षें अर्धवट टाकलें होतें, तें सरकारी अंमलदारानें केलें. पुढें १९४७ सालीं इंटक आणि १९४८ सालीं हिंद मजदूर सभा निघाल्यावर याद्यांची ही सरकारी पडताळणी नेहमींचीच होऊन बसली.

२०११ सालीं महाराष्ट्रांतील शाळांची एकाच वेळीं पटपडताळणी झाली तेव्हां मी वर्गावर होतों. बाहेरचीं माणसें येऊन मुलांचीं डोकीं मोजूं लागलीं. माझा पट खरा होता. तरी ते मोजीत असतां मला फार अपमान वाटला, आणि त्या संध्याकाळीं घरीं येऊन मीं वडिलांची ती वही पहिल्यांदा आरंभापासून शेवटपर्यंत वाचली.