वर्दी कोणी द्यायची?

उरण तालुक्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते जानेवारी १९८४ मधील शेतकरी आंदोलनामुळे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. पाच वर्षांनी, २६ मे १९८९ रोजी, न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि दास्तान फाट्यावरून कंटेनर-ट्रेलरांची व टँकरांची रीघ लागली. घातक रसायनांच्या वाहतुकीचे नियम असलेले केंद्रीय मोटार वाहन नियमही १९८९ चेच. बंदर आणि कायदा अशा रीतीने एकाच वर्षी या रस्त्यावर आले. मात्र अपघाताची वर्दी देण्याची वाहतूकदाराची जबाबदारी त्याहून फार जुनी आहे.

१८८४ च्या स्फोटके अधिनियमाच्या आठव्या कलमाने ती स्पष्ट केली. स्फोटके नेणाऱ्या गाडीवर वा जहाजावर आग किंवा स्फोट होऊन जीवित-वित्ताची गंभीर हानी झाली, तर गाडीच्या प्रमुखाने अथवा जहाजाच्या कप्तानाने ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे, असे ते कलम सांगते. यातली मेख अशी, की कळवायचे ते हानी झाल्यावर.

ही मेख किती महाग पडते, हे साठ वर्षांनी मुंबईने पाहिले. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही होत्या. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यात आग लागल्याचे खलाशांच्या ध्यानात आले. नऊशे टन पाणी ओतूनही ती विझली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत आग विझवायला धावलेले ६६ बंबवाले होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

चौकशीत ज्या चुका दाखवल्या गेल्या, त्यांतील दोन आपल्या विषयाच्या आहेत. धोकादायक माल असल्याचे दर्शवणारा लाल बावटा जहाजावर नव्हता, आणि शहराच्या अग्निशमन दलाला वर्दी देण्यास उशीर झाला. चार वाजून सहा मिनिटांनंतर पोलीस ठाण्याला कळवण्याची गरजच उरली नव्हती. साऱ्या मुंबईने ती वर्दी ऐकली होती. माहिती हवी होती ती आधीचे दोन दिवस आणि शेवटचे दोन तास.

१९८९ च्या नियमांनी हा धडा बऱ्याच अंशी घेतला. नियम १३१ प्रमाणे माल पाठवणाऱ्याने त्याची पूर्ण माहिती वाहतूकदाराला द्यायची. नियम १३२ प्रमाणे वाहतूकदाराने ती लेखी स्वरूपात चालकापर्यंत पोहोचवायची. नियम १३४ नुसार रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक आणि आपत्काळात फोन कोणाला करायचा, हे सांगणारा फलक वाहनावर हवा. हाच रस्त्यावरचा लाल बावटा. अशा वाहनाच्या चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, असे नियम ९ म्हणतो. आणि नियम १३६ सांगतो, की अपघात होताच चालकाने जवळच्या पोलीस ठाण्याला व वाहनाच्या मालकाला किंवा वाहतूकदाराला कळवावे.

कागदावर साखळी पुरी आहे. तिचे सारे ओझे मात्र शेवटच्या कडीवर येते. माल काय आहे हे कारखान्याला ठाऊक असते. चालकाच्या हाती सील केलेला कंटेनर येतो. पाठवणाऱ्याने मालाचे नाव चुकीचे लिहिले, तर चालक कितीही प्रामाणिक असला तरी त्याची वर्दी चुकीचीच जाणार. शिवाय अपघातात पहिला जायबंदी होतो तो बहुधा तोच. संतप्त जमावामुळे चालकाला जखमींची मदत करणे अशक्य होऊ शकते, हे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ स्वतःच मान्य करते. वर्दीच्या नियमाला मात्र अशी सवलत नाही.

समुद्रावरही असेच आहे. सागरी प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय करार जहाजावरून घातक माल पाण्यात पडल्यास तत्काळ कळवण्याचे बंधन कप्तानावर घालतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘खलिजिया-३’ वर आदळले. जहाजावर १,२१९ कंटेनर होते आणि त्यांपैकी ३१ मध्ये कीटकनाशके असल्याचे सांगण्यात आले. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत पसरले. मालाची यादी कितीही बिनचूक असली, तरी कोणता कंटेनर जहाजावर राहिला आणि कोणता कोळ्याच्या जाळ्याकडे वाहत निघाला, हे तिच्यावरून कळत नाही.

नियम १३६ पुन्हा वाचावा. कळवायचे आहे ते पोलिसांना आणि मालकाला. ज्या गावाच्या वेशीवर टँकर उलटला, ते गाव या यादीत नाही. १९८९ मध्येच आलेल्या घातक रसायनांविषयीच्या दुसऱ्या नियमावलीत मात्र एक वेगळी तरतूद आहे. धोकादायक कारखान्याने आसपासच्या रहिवाशांना धोका काय आणि अपघात झाल्यास काय करावे, हे आधीच सांगितले पाहिजे. म्हणजे रसायन कुंपणाच्या आत असेपर्यंत शेजाऱ्याला जाणण्याचा हक्क आहे. तेच रसायन चाकांवर चढले की रस्त्याकाठच्या शेजाऱ्याचा हक्क संपतो.

ही तफावत दूर करायला नवा शोध नको. बंदराच्या रस्त्यावरील ग्रामपंचायतींना वर्दीच्या यादीत घ्यावे, आणि फलकावरचे क्रमांक शाळेत शिकवावेत. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन. पहिल्याजवळ ठिणगी नको. दुसऱ्यापासून वाऱ्याच्या उलट दिशेने, उंच जागेकडे पळायचे. १९४४ च्या त्या ६६ जणांना समोर नेमके काय जळते आहे हे वेळेवर सांगायला लाल बावटा नव्हता. जासईच्या रस्त्यावरून तो रोज जातो. तो वाचता येणारी माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हवीत.