राउटर टेबल विस्तार

राउटर टेबल विस्तार म्हणजे टेबल सॉ या लाकूड चिरण्याच्या यंत्राच्या पटलाला बाजूने जोडलेला असा फलक, ज्याच्या खाली राउटर हे हत्यार उलटे बसवलेले असते. राउटरचे फिरते बिट फलकातील छिद्रातून वर येते आणि त्यावरून सरकवलेल्या लाकडात खाच, खोबण, कुसू किंवा काठाची नक्षी कापते. स्वतंत्र राउटर टेबलाला लागणारी जागा या रचनेत वाचते. टेबल सॉची फेन्स (लाकूड टेकवून सरळ सरकवण्याची समांतर पट्टी) दोन्ही कामांसाठी वापरता येते. मात्र करवत आणि राउटर यांवर लाकूड सरकवण्याची दिशा नेहमीच सारखी नसते. त्यामुळे विस्तार कोणत्या बाजूला आहे आणि कारागीर कोठे उभा राहतो, या गोष्टी सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

पार्श्वभूमी

ही रचना प्रामुख्याने अमेरिकेतील घरगुती कार्यशाळांमध्ये रूढ आहे. तेथे मोटारीच्या गॅरेजमध्येच लाकूडकामाची यंत्रे ठेवण्याची पद्धत असल्याने जागा मर्यादित असते. तेथील मोठ्या टेबल सॉच्या ओतीव लोखंडी पटलाची खोली साधारणतः २७ इंच (सुमारे ६८५ मिमी) असते. फेन्स ज्यांवर सरकते ते रूळ पात्याच्या उजवीकडे ५० ते ५२ इंचांपर्यंत लांब असू शकतात. रूळांमधील या मोकळ्या जागेत मोठे तक्ते पेलण्यासाठी फलक बसवलेला असतो. त्याच फलकात राउटर बसवला की विस्तार तयार होतो. भारतात लहान कारखान्यांत रंधा आणि करवत एकाच सांगाड्यावर असलेली यंत्रे वापरली जातात. त्यांमागेही जागा वाचवण्याचाच विचार असतो.

रचना

विस्ताराचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात:

फलक : बहुधा १८ मिमी जाडीचे दोन एमडीएफ किंवा प्लायवूडचे तक्ते एकमेकांवर चिकटवून तो तयार करतात. त्यावर सनमायका लावली जाते. ती केवळ वरच्या बाजूस लावल्यास दोन्ही बाजूंनी ओलावा कमी-अधिक शोषला जाऊन फलक वाकतो. म्हणून खालच्या बाजूसही ती लावणे आवश्यक असते. कडांना टणक लाकडाची पट्टी लावून त्या बंद करतात.

इन्सर्ट प्लेट : राउटर ज्या पट्टीला स्क्रूने जखडलेला असतो ती ॲल्युमिनियमची किंवा फिनोलिक राळेची पट्टी. तिचे एक प्रचलित माप ९ १/४ × ११ ३/४ इंच आणि जाडी ३/८ इंच (सुमारे ९.५ मिमी) असते.

राउटर लिफ्ट : बिटाची उंची वरूनच दांड्याने कमी-जास्त करण्याची यंत्रणा. ती ऐच्छिक असते.

उपफेन्स : मूळ फेन्सला जोडलेली लाकडी पट्टी. बिट अंशतः आत सामावण्यासाठी तिच्यात खाच असते. तिच्यामुळे बिट धातूच्या फेन्सला लागत नाही.

बांधणी

प्रथम राउटरची जागा ठरवली जाते. पाते ४५ अंशांत कलते केल्यावर अनेक यंत्रांत मोटारही आतल्या आत सरकते. त्यामुळे पाते दोन्ही टोकांच्या स्थितींत आणून राउटर, मोटार आणि पुढचा रूळ यांच्यात पुरेसे अंतर उरते का, हे आधी तपासतात. मोटारीकडे जाणारे झाकण उघडण्यास अडथळा होणार नाही, हेही पाहिले जाते.

इन्सर्ट प्लेटसाठी फलकात तिच्याच मापाची खाच लागते. प्लेट फलकावर ठेवून तिच्या चारही बाजूंना सरळ पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवतात. प्लेट काढून घेतल्यावर उरलेल्या चौकटीच्या आधाराने, बेअरिंग असलेल्या बिटाने प्लेटच्या जाडीइतकी किंवा किंचित अधिक खोल खाच कापली जाते. प्लेटच्या कोपऱ्यांची गोलाई आणि बिटाची त्रिज्या जुळणे आवश्यक असते. त्यानंतर कडेने १० ते १५ मिमी रुंदीचा ओठ राखून मधला भाग जिगसॉने कापून काढतात. प्लेट या ओठावर टेकते आणि कोपऱ्यांतील लहान स्क्रूंनी तिची पातळी जुळवली जाते.

तयार फलक रूळांना व लोखंडी पटलाच्या कडेला बोल्टने जोडतात. बोल्टची छिद्रे लंबगोल ठेवल्यास पातळी जुळवणे सोपे जाते. पोलादी सरळपट्टी पटलावरून फलकापर्यंत आडवी ठेवून दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत असल्याची खात्री करतात. सांध्यावर फलक पटलाहून वर आल्यास लाकूड तेथे अडते. मोठा राउटर आणि लिफ्ट यांचे वजन सतत फलकावर राहत असल्याने बाहेरच्या टोकाला पाय देतात. ओतीव लोखंडावर हवेतील ओलाव्याचा परिणाम होऊन आकार बदलत नाही, परंतु एमडीएफ फुगते. त्यामुळे किनारपट्टीसारख्या दमट हवेत ही पातळी वेळोवेळी तपासावी लागते.

लाकूड सरकवण्याची दिशा

हातात धरलेल्या राउटरचे बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. राउटर उलटा बसवल्यावर तेच बिट वरून पाहता काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरताना दिसते. लाकूड नेहमी बिटाच्या धारेच्या गतीविरुद्ध सरकवणे आवश्यक असते. धारेच्या गतीच्याच दिशेने सरकवल्यास बिट लाकडाला पकडून ओढते, लाकूड हातातून निसटते आणि बोटे बिटावर जाण्याचा धोका निर्माण होतो.

करवत चालवणारा कारागीर पटलाच्या पुढे उभा राहून लाकूड मागे ढकलतो. विस्तार त्याच्या उजव्या हाताला असल्यास फेन्सची उजवी बाजू वापरली जाते आणि लाकूड बिटाच्या उजव्या अंगाने जाते. या अंगाला बिटाची धार पुढून मागे जात असते. म्हणून येथे लाकूड मागून पुढे, म्हणजे करवतीच्या नेहमीच्या सवयीच्या उलट दिशेने सरकवावे लागते. यावरील सोपा उपाय म्हणजे जागा बदलणे. कारागीर विस्ताराच्या उजव्या टोकाला फेन्सकडे तोंड करून उभा राहिला, तर योग्य दिशा त्याच्या उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे येते. विस्तार करवतीच्या डावीकडे असल्यास लाकूड पुढून मागे सरकवावे लागते आणि दोन्ही कामांची दिशा एकच राहते.

दोन्ही रचनांत लाकूड बिट आणि फेन्स यांच्यामधील फटीतून सरकवणे धोक्याचे असते. त्यात लाकूड धारेच्या चुकीच्या बाजूला येते आणि अडकल्यास वेगाने बाहेर फेकले जाते.

बिटाचा वेग

बिटाचा व्यास वाढतो तसा त्याच्या कडेचा वेग वाढतो. मिनिटाला २२,००० फेरे घेणाऱ्या १२ मिमी व्यासाच्या बिटाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो. त्याच फेऱ्यांवर ७५ मिमी व्यासाच्या बिटाच्या कडेचा वेग सुमारे ८६ मीटर होतो. फेरे १०,००० पर्यंत उतरवल्यास तो सुमारे ३९ मीटरवर येतो. तुलनेसाठी, मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या १० इंची करवतीच्या पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो. त्यामुळे मोठी बिटे वापरण्यासाठी वेगनियंत्रण असलेला राउटर आवश्यक असतो. बिटावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा पाळावी लागते.

विद्युत जोडणी आणि धूळ

राउटरचे स्वतःचे बटण फलकाखाली असल्याने ते चटकन हाताशी येत नाही. म्हणून पुढच्या बाजूस स्वतंत्र स्विच बसवतात. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारा स्विच अधिक सुरक्षित असतो. राउटर चालू असताना करवत बंद ठेवून तिचे पाते पटलाखाली उतरवतात. बिट बदलताना राउटरचा प्लग काढला जातो.

राउटरभोवती पेटी करून तिला १०० मिमी व्यासाची धूळशोषक नळी जोडतात. मोटार थंड राहण्यासाठी पेटीत हवा येण्याची वाट ठेवावी लागते. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. त्यामुळे धूळशोषणासोबत मुखपट्टीही वापरली जाते.

मर्यादा

फेन्स एकच असल्याने राउटरसाठी ती लावली की करवतीवर बसवलेले माप मोडते. एकाच वस्तूवर दोन्ही कामे आलटूनपालटून करायची असल्यास वेळ जातो. दोन कारागीर एकाच वेळी काम करू शकत नाहीत. लांब लाकूड राउटरवर सरकवण्यासाठी यंत्राच्या पुढे आणि मागे मोकळी जागा लागते. या कारणांमुळे राउटरचे काम नियमित असलेल्या कार्यशाळांत स्वतंत्र राउटर टेबल अधिक सोयीचे ठरते.