मोडलेले हाड आणि गेलेले बळ

सातारा-सांगलीकडे तालमीवाचून गाव विरळा; आणि तालीम आली की निखळलेला खांदा व दुखावलेला गुडघाही आलाच. अशा वेळी मल्ल प्रथम हाडवैद्याचे दार गाठी. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या, तेल आणि बोटांची पिढीजात जाण एवढ्या भांडवलावर तो सांधा बसवी. त्याच्या हातास यश होते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आवळलेल्या पट्टीने रक्ताचा ओघ तुटून बोटे कायमची आखडल्याची उदाहरणेही त्याच विद्येच्या पदरी आहेत.

१८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि या प्रांतास दुसरी वाट दिसली. हाड अचल ठेवण्याचे प्लास्टर माथायसेन या डच लष्करी वैद्याने १८५२ मध्येच प्रसिद्ध केले होते. प्लास्टर हाडास धरून ठेवते खरे, पण त्याच्या आत स्नायू झिजतात व सांधा ताठतो. हाड जुळले म्हणजे अवयव परत मिळाला, ही समजूत हाडवैद्याच्या अंगणात जशी होती तशी पुष्कळ रुग्णालयांतूनही होती.

येथे सुश्रुताची आठवण होते. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तळहात मोडलेल्या रोग्यास तो प्रथम शेणाचा गोळा धरावयास सांगतो, मग मातीचा, आणि हातात बळ आल्यावर दगड. भार क्रमाक्रमाने वाढवून बळ आणण्याची ही युक्ती होय. अमेरिकेत डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या मांड्यांसाठी अशीच चढत्या वजनांची पद्धत १९४५ साली मांडली. आमच्या ग्रंथांत सर्व काही होतेच, असे म्हणून मिशांवर ताव देणारांत आम्ही नाही. डिलॉर्मने वजन किती व किती वेळा उचलावे याचा हिशेब बांधला. आम्ही मात्र गोळा पोथीत ठेवून कामट्या तेवढ्या उचलल्या. वास्तविक जोर, बैठका, मुद्गल ही बळ वाढविण्याची साधने तालमीत हाताशी होती. पण ती धडधाकटांची. जायबंदी मल्ल बहुधा आखाड्याच्या कडेला बसून राही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. पुढील ऑलिम्पिकची तयारी चालू असता गुडघा जायबंदी झाला आणि १९५६ चे मेलबर्न त्यांस अंतरले. मुंबईस हाजीअलीपाशी भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. दुर्बिणीतून गुडघ्यातील फाटकी गादी काढण्याची शस्त्रक्रिया वातानाबे यांनी टोकियोत केली ती १९६२ साली. त्यांचा गुडघा आज दुखावता तर काय झाले असते, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. इतकेच की तेव्हा काळच थोडका पुढे-मागे झाला.

आता गोळेश्वरापासून हाकेच्या अंतरावर, कराडातच, भौतिकोपचाराचे महाविद्यालय आहे. अडचण निराळीच उरली आहे. प्लास्टर उतरताच ज्यास उसाच्या फडात परतावयाचे आहे, त्याने महिनोन्महिने रोज एसटीचे भाडे भरून व्यायामास कसे यावे? म्हणून सुज्ञ उपचारक त्यास घरचे व्यायाम शिकवून धाडतो. रुग्णालयात बोटांसाठी लवचीक लगद्याचा गोळा देतात. त्याच्या अंगणात मळलेली माती आहेच.