कळसच्या बांधावरचा काटकोन

इंदापूर तालुक्यातल्या कळसला बांधाचा वाद निघाला, की दोन्हीकडचे शेतकरी आधी मोजणीचं जुनं टिपण मागतात. भूकरमापकाच्या नोकरीत मला याचं कधी नवल वाटलं नाही. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीची घडी बसली ती याच तालुक्यात.

१८३० च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी इथे शेतसाऱ्याची आकारणी केली. निव्वळ उत्पन्नातले शेकडा ५५ हिस्से सरकारचे, असा त्यांचा हिशेब. कागदावर तो नेटका होता, पण पाऊस हुलकावणी देणाऱ्या या मुलखाला पेलला नाही. बाकी थकली, रानं पडीक पडली, माणसं गावं सोडून गेली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काम नव्याने हाती घेतलं. १८३६ मध्ये दर उतरवले आणि ३० वर्षं ते न वाढवण्याची हमी दिली. रानं पुन्हा नांगराखाली आली.

त्या मोजणीची हत्यारं दोन, साखळी आणि शंकू. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शेतातून सरळ साखळी ओढायची, बांधाचा कोपरा समोर आला की शंकूने काटकोन साधायचा आणि कोपऱ्यापर्यंतचं आडवं अंतर टिपायचं. रान कितीही वेडंवाकडं असो, ते त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत बसतं.

आता उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवणारा रोव्हर आला. रोव्हर घेऊन मोजणीदार बांधाबांधाने फिरतो आणि ज्याच्यापासून अंतर काढायचं तो उपग्रहही धावतच असतो. तो सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळपास ४ किलोमीटर जातो. त्याचा संकेत खाली यायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो. तेवढ्यात तो अडीचशे मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणून संकेत कधी निघाला आणि तेव्हा उपग्रह कुठे होता, हे संकेतातूनच कळतं. लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर हाती येतं. तीन उपग्रह जागा सांगतात, चौथा रोव्हरच्या घड्याळाची चूक काढतो. कायम एका जागी असलेल्या केंद्राकडून दुरुस्ती मिळाली, की फरक काही सेंटिमीटरांवर येतो. इथे कोन मोजावा लागत नाही, अंतरांवरूनच जागा पक्की होते.

पण प्रिंगल यांच्या हिशेबाने या तालुक्याला एक गोष्ट शिकवली आहे: आकडा बारीक असला म्हणजे तो न्याय्य असतोच असं नाही. रोव्हरने हद्दीच्या खुणा दाखवताना मोजणीदाराने दोन्ही शेजाऱ्यांसमोर टिपण उलगडावं. जुना आकडा नव्याशेजारी ठेवावा, फरक निघाला तर तो कशामुळे, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावं. त्याला थोडा वेळ जास्त लागतो. तो दिलाच पाहिजे, कारण पटलेली हद्दच पुढच्या पिढीत टिकते.